चोरीला गेलेली गाडीची चावी बाद करताना

दिवाळीच्या आधीच्या रविवारी, १२ ऑक्टोबर २०२५ रोजी, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास पुण्यात तुळशीबागेत माझ्या पर्सचा पट्टा कापून कोणीतरी पर्स लांबवली. गर्दी इतकी होती की धक्का कोणाचा आणि हिसका कोणाचा हे कळण्याजोगे नव्हते. रांगोळीच्या रंगांचे पैसे द्यायला मी हात खाली नेला तेव्हा खांद्यावर नुसता पट्टा होता आणि त्याचे टोक ब्लेडने कापावे तसे सरळ कापलेले होते. मोबाईल हातात होता आणि घराची किल्ली सासूबाईंकडे होती, त्यामुळे पहिल्या क्षणी मनात आले, की अकराशे रुपयेच गेले. नंतर लक्षात आले की पर्सच्या आतल्या कप्प्यात गाडीची रिमोटची चावी होती, वाहनतळाची पावती होती आणि गाडीच्या नोंदणीचे, म्हणजे आरसीचे, स्मार्ट कार्डही होते.

पायांतले बळ गेले ते या तिसऱ्या वस्तूमुळे. आरसीवर गाडीचा क्रमांक आणि आमचा पत्ता दोन्ही होते. ज्याच्या हाती पर्स पडली त्याला चावी कोणत्या गाडीची आहे, ती गाडी आत्ता कोठे उभी आहे आणि रात्री कोठे उभी असते, हे सगळे एकाच कप्प्यात मिळाले होते. पुढचे पाच दिवस मी जे काही केले, त्याच्या मुळाशी ही एकच भीती होती. नवी चावी मिळवणे हे त्यातले अर्धेच काम होते. गेलेली चावी निरुपयोगी करणे हे दुसरे अर्धे, आणि ते अधिक महत्त्वाचे होते. हे मला पहिल्या दिवशी स्पष्ट कळले नव्हते, आणि त्यामुळे दोन ठिकाणी चुकीचा निर्णय अगदी तोंडाशी आला होता. म्हणून तारखांसह सगळे लिहून ठेवते आहे.

बरोबर आलेल्या सासूबाई आणि मी सरळ मंडईजवळच्या वाहनतळाकडे निघालो. गाडी जागेवर होती. तेथल्या माणसाला झालेला प्रकार सांगितला आणि मी स्वतः येईपर्यंत ही गाडी कोणाला बाहेर काढू देऊ नका, अशी विनंती केली. पावती नसल्यामुळे त्याने मालकीचा पुरावा मागितला, जे अगदी योग्य होते. मोबाईलवरच्या डिजिलॉकर या सरकारी अॅपमध्ये आरसी आणि लायसन्स दोन्ही साठवलेली होती, ती दाखवली. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली ही कागदपत्रे मूळ कागदपत्रांसारखीच ग्राह्य धरली जातात, त्यामुळे मूळ कार्ड गाडीत किंवा पर्समध्ये घेऊन फिरण्याचे खरे तर काही कारणच नसते. मी ते सवयीने बाळगत होते. सासूबाई गाडीपाशी थांबल्या, आमच्या यजमानांना दुसरी चावी घेऊन सिंहगड रस्त्यावरून निघायला सांगितले आणि मी पोलीस ठाण्यात गेले.

ठाण्यात सणाची गर्दी होती आणि माझ्या आधी सहा जण बसलेले होते. पाऊण तासाने नंबर लागला. अंमलदारांनी प्रथम सुचवले, की वस्तू गहाळ झाल्याची नोंद ऑनलाइन करून टाका, लगेच प्रत मिळते. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची अशी नोंद खरोखरच घरबसल्या करता येते, आणि चावी कोठेतरी पडली असेल किंवा रिक्षात राहिली असेल तर तो मार्ग उत्तम आहे. पण माझी वस्तू पडलेली नव्हती. मी कापलेला पट्टा टेबलावर ठेवला आणि सांगितले, "साहेब, ही चोरी आहे, आणि चावीबरोबर माझा पत्ताही गेलेला आहे. पुढे गाडीला काही झाले तर कागदावर 'गहाळ' असे लिहिलेले मला चालणार नाही." त्यांनी पट्ट्याचे टोक बोटाने चाचपून पाहिले आणि मग तक्रार लिहून घेतली.

ती एफआयआर म्हणून नव्हे, तर अदखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करत नाहीत असा) म्हणून नोंदवली गेली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टाप्रमाणे चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांच्या आत असेल तर तो गुन्हा अदखलपात्र वर्गात जातो, आणि पर्स सातशे, रोकड अकराशे, चावी अंदाजे अडीच हजार अशी माझी बेरीज त्या रेषेच्या आतच राहिली. चावीची किंमत मी अंदाजाने सांगितली होती. त्या वेळी त्याने काही बिघडले नाही, पण ज्यांच्या विम्यात चावीचे संरक्षण आहे त्यांच्याकडे काही कंपन्या एफआयआरचीच प्रत मागतात, म्हणून आपल्या गाडीच्या रिमोट चावीची अधिकृत किंमत किती आहे हे एकदा विचारून ठेवलेले बरे. सही करण्यापूर्वी मजकूर पूर्ण वाचला. त्यात 'गाडीची चावी १' एवढेच होते. विनंती केल्यावर गाडीचा क्रमांक, चावी रिमोटची असल्याचा उल्लेख आणि आरसी कार्ड त्याच पर्समध्ये असल्याचे वाक्य, या तीन गोष्टी त्यात घातल्या गेल्या. पुढे विमा कंपनीला पाठवताना नेमकी हीच वाक्ये उपयोगी पडली. सव्वानऊला शिक्क्याची प्रत हातात मिळाली. त्यासाठी एक पैसाही लागला नाही.

दुसऱ्या चावीने गाडी सुरू झाली. ही चावी रिमोट नसलेली साधी दिसणारी आहे, पण तिच्या काळ्या मुठीतही गाडीला ओळख पटवणारी चिप आहे. सन २०१७ मध्ये गाडी घेतल्यापासून ती देवघराच्या खणात होती, आणि ती तशी जपून ठेवल्यामुळेच हे सगळे प्रकरण माझ्या आवाक्यात राहिले. दोन्ही चाव्या गेलेल्या असत्या तर गाडी टो करून न्यावी लागली असती आणि प्रोग्रामिंगचा, म्हणजे गाडीच्या संगणकात चाव्यांची नोंद करण्याचा, खर्चही वाढला असता, असे नंतर चावीवाल्याने सांगितले.

त्या रात्री गाडी घरी आणली नाही. कर्वेनगरला भावाच्या सोसायटीत तळघरात जागा होती, तेथे ती ठेवली. भावाने दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवले. हा दोन मिनिटांचा उपाय आहे आणि त्याला खर्च नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीअरिंगला लावायचा लोखंडी दांडा ८५० रुपयांना आणला. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही. मोटारसायकलचा आवाज आला की मी उठून खिडकीतून खालची रिकामी जागा बघत होते. गाडी तेथे नाही हे मला ठाऊक होते. शोधत येणाऱ्याला ते ठाऊक नव्हते.

सोमवारी, १३ तारखेला, सकाळी दहा वाजता विमा कंपनीला फोन केला आणि लगेच ईमेलही पाठवला. ईमेलमध्ये पॉलिसी क्रमांक, घटनेची तारीख, तक्रारीची प्रत आणि 'दोन चाव्यांपैकी एक चोरीला गेली असून ती बाद करून घेण्याचे काम मी करून घेत आहे' असे स्पष्ट वाक्य लिहिले. अपेक्षेप्रमाणे बुधवारी उत्तर आले की आपल्या पॉलिसीत चावीच्या बदलीचे संरक्षण घेतलेले नाही, त्यामुळे खर्च मिळणार नाही. गाडीच्या नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसती चावी हरवल्याचा खर्च येत नाही; त्यासाठी वेगळे जादा कलम घ्यावे लागते आणि मी ते कधी घेतले नव्हते.

मग ईमेल कशासाठी केला, असे यजमानांनी विचारले. त्याचे कारण भावाने रात्री सांगितले होते. गाडी चोरीला गेल्याचा दावा करताना विमा कंपनी गाडीच्या सगळ्या मूळ चाव्या जमा करायला सांगते. एक चावी कमी असेल आणि ती केव्हा, कशी गेली याचा आधीचा कागद नसेल, तर मालकाने निष्काळजीपणा केला असे म्हणून दावा अडकवला जातो किंवा कापला जातो. चावी गेली त्याच दिवसाची पोलीस नोंद आणि दुसऱ्या दिवसाचा ईमेल हे माझे त्यावरचे उत्तर आहे. खर्च मिळणार नसला तरी कळवणे म्हणूनच आवश्यक असते. उत्तरात आलेला संदर्भ क्रमांक मी तक्रारीच्या प्रतीवरच पेनाने लिहून ठेवला.

सोमवारीच दुपारी एका अधिकृत सेवा केंद्रात गेले. काउंटरवरच्या माणसाने संगणकात पाहून सांगितले, की चावी चोरीला गेली असेल तर पूर्ण लॉकसेट बदलावाच लागतो. लॉकसेट म्हणजे इग्निशन, पुढची दोन दारे आणि डिकी यांची नवी कुलपे. अंदाजपत्रक असे होते: लॉकसेट ७,४००, दोन रिमोट चाव्या ५,०००, मजुरी आणि कोडिंग १,४५०, म्हणजे १३,८५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १६,३४३. निम्मी रक्कम आगाऊ भरायची, चावी कंपनीकडून येणार म्हणून आरसी, ओळखपत्र आणि पोलीस तक्रारीच्या प्रती द्यायच्या, आणि दिवाळीच्या सुट्ट्या धरून किमान तीन आठवडे थांबायचे. रक्कम मोठी होती, पण त्याहून मला तीन आठवडे जड वाटले. तोवर गाडी भावाकडे ठेवायची, की रोज रात्री बॅटरी सोडवायची?

मी विचारले, की लॉकसेट न बदलता जुनी चावी फक्त संगणकातून काढून टाकता येते का? त्यावर "तसं करत नाही आम्ही" एवढेच उत्तर मिळाले. मंगळवारी दुसऱ्या अधिकृत केंद्रात हाच प्रश्न विचारला, तेव्हा तेथल्या वयस्कर फोरमननी शांतपणे दहा मिनिटे देऊन सगळे समजावले. त्या दहा मिनिटांबद्दल मी त्यांची ऋणी आहे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्या बोलण्यावरच घेतला.

त्यांचे म्हणणे असे. आजच्या गाडीची एक चावी म्हणजे प्रत्यक्षात तीन चाव्या असतात. पहिली चावी म्हणजे पाते, त्याच्या खाचांनी दार उघडते आणि इग्निशनचे कुलूप फिरते. दुसरी म्हणजे मुठीतली चिप. तिला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्याच्यापासून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख गाडीच्या संगणकाला सांगते. ओळख पटली नाही तर पाते फिरले तरी इंजिन चालू राहत नाही. यालाच इमोबिलायझर म्हणतात. तिसरी म्हणजे रिमोटची बटणे. त्यांची नोंद सेंट्रल लॉकिंगच्या वेगळ्या यंत्रणेत असते. "मॅडम, चिप डिलीट केली की गाडी चोरायची भीती बरीच जाते. पण रिमोटनं दार उघडेल आणि पात्यानंही उघडेल. मग आतलं सामान, कागद, स्टेपनी जाईल. तिन्ही बंद झाल्याशिवाय काम झालं असं समजू नका." त्यांच्याकडे एक नवी रिमोट चावी, कोडिंग आणि जुनी चावी काढून टाकणे मिळून ४,३०० रुपये होत होते, पण पाते तसेच राहत होते. कुलपांच्या आतल्या पत्त्या, म्हणजे पात्याच्या खाचांशी जुळणाऱ्या छोट्या धातूच्या पट्ट्या, बदलून पातेही बाद करता येते. मात्र ते काम आमच्याकडे होत नाही, चांगला चावीवाला करतो, असे त्यांनी स्वतःहून सांगितले.

बुधवारी दोन चावीवाले पाहिले. पहिला रस्त्याकडेला पेटी घेऊन बसलेला होता. त्याने नऊशे रुपयांत अर्ध्या तासात चिपसह चावी देतो असे सांगितले आणि क्षणभर मला हायसे वाटले. पण तो करणार होता ती माझ्या शिल्लक चावीच्या चिपची नक्कल. नक्कल केलेल्या चिपची ओळख मूळ चिपसारखीच असते. गाडीच्या संगणकात नवी नोंद होत नाही आणि चोरीला गेलेल्या चावीची नोंद तशीच राहते. दोन चाव्या पुन्हा हातात येतात आणि तिसरी चोराच्या हातात चालू राहते. चावी घरातच तुटली असेल किंवा जादा चावी हवी असेल तर हे काम चांगले आणि स्वस्त आहे. माझ्यासाठी ते निरुपयोगी होते. फोरमनशी बोलणे झाले नसते तर मी नऊशे रुपये देऊन समाधानाने घरी आले असते.

दुसरा चावीवाला नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांमधल्या एका बोळात आहे. दुकान जेमतेम आठ फुटांचे आहे आणि मागच्या भिंतीवर कोऱ्या चाव्यांच्या माळा टांगलेल्या आहेत. काय काम आहे हे ऐकण्याआधी त्याने गाडी कोणाच्या नावावर आहे हे विचारले. डिजिलॉकरमधली आरसी, माझे ओळखपत्र आणि पोलीस तक्रार पाहिली, गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक आणि माझा फोन नंबर एका जाडजूड वहीत लिहून सही घेतली. मला त्याचा त्या क्षणी विश्वास वाटला. जो माणूस मालकीचा कागद न विचारता गाडीची चावी करून देतो, तो दुसऱ्या कोणालाही माझ्या गाडीची चावी करून देऊ शकतो.

त्याने दर सुटे करून सांगितले: इग्निशन, दोन दारे आणि डिकी या चार कुलपांच्या पत्त्या बदलणे २,०००, चिपसह नवी रिमोट चावी २,२००, जुन्या दुसऱ्या चावीला नवे पाते आणि नवी मूठ ४००, सगळे प्रोग्रामिंग ६००. एकूण ५,२०० रुपये. घरी येऊनही काम करतो म्हणाला, त्याचे पाचशे जादा. पण चोराला माहीत असलेल्या पत्त्यावर आणखी एका अनोळखी माणसाला बोलावण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून मी गाडी घेऊन येते असे सांगितले. एक खबरदारी येथे नमूद करते. गाडी अजून वॉरंटीत असेल तर विजेच्या यंत्रणेला बाहेरच्या माणसाने हात लावण्यापूर्वी सेवा केंद्रात विचारून घ्यावे. माझी गाडी आठ वर्षांची होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

गुरुवारी, १६ ऑक्टोबरला, सकाळी अकरा वाजता काम सुरू झाले आणि अडीचला संपले. मी सगळा वेळ तेथेच स्टुलावर बसून होते. त्याने प्रथम बॅटरी सोडवली, कारण स्टीअरिंगजवळ एअरबॅग असते. मग ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलमागून कुलपाचा सिलिंडर बाहेर काढला आणि तो एका पांढऱ्या फडक्यावर उघडला. आत बोटाच्या नखाहून लहान अशा पितळी पत्त्या एकामागे एक बसवलेल्या होत्या आणि प्रत्येकीखाली केसाएवढ्या तारेची स्प्रिंग होती. पत्त्यांवर बारीक आकडे होते. ज्या आकड्याची पत्ती ज्या जागी, तशी पात्याला खाच; पत्त्यांच्या जागा बदलल्या आणि एकदोन नव्या घातल्या की जुने पाते आत जाते, पण सिलिंडर फिरत नाही. त्याने चिमट्याने एकेक पत्ती उचलून नवी रचना केली, तीच चारही कुलपांना दिली आणि त्याप्रमाणे यंत्रावर नवे पाते कापले. इग्निशनच्या सिलिंडरला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्टीअरिंगखालचे आवरण काढून, चावी ठरावीक जागी फिरवून, एका बारीक छिद्रातून पिन दाबल्यावर तो बाहेर आला. सगळे जोडून झाल्यावर त्याने माझी जुनी दुसरी चावी माझ्याच हातात दिली आणि म्हणाला, "ताई, आता ही लावून बघा." पाते आत गेले आणि अडले. मी जोर लावला, तरी ते हलले नाही. रविवारपासून मनावर असलेले ओझे त्या क्षणी पहिल्यांदा हलके झाले.

उरलेले काम तासाभराचे होते. जुन्या चावीची मूठ उघडून त्याने आतली चिप काढली, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी असेल, आणि ती नव्या मुठीत बसवली. त्यामुळे एका चिपचा खर्च वाचला. मग डॅशबोर्डखालच्या सॉकेटला त्याचे यंत्र जोडले. पडद्यावर नोंदलेल्या चाव्यांची संख्या दोन दिसली. त्याने आधीच्या सगळ्या नोंदी पुसल्या, संख्या शून्य झाली, आणि मग शिल्लक चिप व नवी चिप एकेक करून नोंदवली. संख्या पुन्हा दोन झाली, पण आता त्या दोन्ही माझ्या हातात होत्या. सगळ्या नोंदी पुसल्या जात असल्यामुळे घरात असेल ती प्रत्येक चावी या कामाला बरोबर न्यावी लागते. एखादी घरी राहिली तर ती नंतर चालत नाही. रिमोटचीही आधीची नोंद पुसून नवी केली. हे त्याने मी आठवण केल्यावर केले, हे सांगणे आवश्यक वाटते. तो लबाडी करत होता असे नाही, पण बहुतेक गिऱ्हाइके इंजिन सुरू झाले की निघून जातात.

पैसे देण्यापूर्वी चारही कुलपे दोन्ही चाव्यांनी प्रत्येकी दोनदा उघडून पाहिली, प्रत्येक चावीने इंजिन सुरू करून दोन मिनिटे चालू ठेवले आणि डॅशबोर्डवर चावीचा किंवा एअरबॅगचा दिवा लागून राहत नाही ना, हे पाहिले. प्रवाशाच्या बाजूचे कुलूप थोडे अडखळत होते. त्याने ते पुन्हा उघडून एक पत्ती घासली. बिलावर तारीख, गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक आणि 'जुनी चावी रद्द, कुलपांची रचना बदलली, नोंदलेल्या चाव्या दोन' हे शब्द लिहून घेतले. कापलेले जुने पाते आणि काढलेल्या जुन्या पत्त्याही मागून घेतल्या. त्याच दिवशी बिलाचा फोटो विमा कंपनीला पहिल्याच ईमेलच्या उत्तरात पाठवला आणि दिवाळीत गाडी आमच्या स्वतःच्या जागेवर उभी राहिली.

आरसीचे काम मी दिवाळीनंतर केले. परिवहनच्या संकेतस्थळावर दुय्यम आरसीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २६, भरला, पोलीस तक्रारीची प्रत जोडली, फी ऑनलाइन भरली. गाडीवर कर्जाची नोंद असेल तर त्या फॉर्मवर कर्ज देणाऱ्या संस्थेची संमती लागते. आमचे कर्ज २०२२ मध्येच फिटले होते आणि बोजाची नोंद तेव्हाच काढून घेतली होती, त्यामुळे बँकेची फेरी वाचली. २७ ऑक्टोबरला केलेल्या अर्जाचे कार्ड २४ नोव्हेंबरला टपालाने घरी आले. ते आता कपाटातल्या फाइलमध्ये आहे.

जानेवारीत पॉलिसीचे नूतनीकरण करताना चावीच्या बदलीचे कलम घेतले. माझ्या गाडीसाठी त्याचे ३८५ रुपये पडले. घेण्यापूर्वी त्यातल्या अटी वाचल्या: नुसती चावी मिळते की कुलपांचा खर्चही, वर्षातून किती वेळा, रकमेची मर्यादा किती, आणि पोलिसांचा कागद कोणता चालतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी ईमेलवर लेखी मागितले. अदखलपात्र नोंद चालेल, असे त्यांनी कळवले आहे आणि तो ईमेल छापून ठेवला आहे.

गाडी घेतली तेव्हा चाव्यांबरोबर धातूची एक छोटी पट्टी मिळाली होती, तिच्यावर चावीचा क्रमांक कोरलेला होता. कुलपांची रचना बदलल्यामुळे तो आता जुना झाला, म्हणून चावीवाल्याकडून नव्या रचनेचे आकडे कागदावर लिहून घेतले आहेत. तो कागद, बिल, तक्रारीची शिक्क्याची प्रत, जुने पाते आणि पत्त्या एका पाकिटात घालून ते भावाकडे कर्वेनगरला ठेवले आहे. दुसरी चावी पुन्हा देवघराच्या खणात गेली आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गाडी तिनेच सुरू करून बघते.